खर्जाचा सोबती

ज्या घरांत तंबोरा रोज जुळविला जातो, त्या घरांत मंद्र स्वराचें महत्त्व निराळें सांगण्याची गरज नाहीं. गवई गात असतां खर्जाच्या तारेकडे कोणी मुद्दाम लक्ष देत नाहीं. परंतु ती तार उतरली, कीं दाराशीं बसलेल्या अजाण श्रोत्यासही कांहीं तरी बिघडल्याची जाणीव होते. पाश्चात्य धर्तीच्या वाद्यमेळांत, आणि आतां आपल्याकडील भावगीतांच्या व चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांतही, याच जातीचें काम जें वाद्य करतें त्यास बास गिटार म्हणतात. हें वाद्य आम्ही गेलीं कित्येक वर्षें अमरावतीस घरीं, आणि अमरावती व अकोला या दोन शहरांतील मांडवांतून, केवळ हौसेनें वाजवीत आलों आहों. आमचा उदरनिर्वाह त्यावर नाहीं, व आमच्या वादनांत ऐकण्यासारखें फारसें आहे असाही आमचा दावा नाहीं. तथापि घरांतील एखाद्या मुलानें अथवा मुलीनें हें वाद्य मागितलें, तर वडीलधाऱ्यांनीं काय पाहावें, किती खर्च करावा आणि कोणत्या गोष्टीविषयीं सावध असावें, हें चार शब्दांत सांगण्याइतका अनुभव आमच्या पदरीं पडला आहे. त्यांतील कांहीं भाग आमच्याच चुकांचा आहे. तोही सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

वाद्याची ओळख

साध्या गिटारीस सहा तारा असतात, बास गिटारीस बहुधा चार. तारेचा मोकळा भाग साधारणतः ३४ इंच, म्हणजे सुमारें ८६ सेंटिमीटर लांब असतो. वाद्याचें वजन चार किलोच्या आसपास भरतें. सर्वांत जाड तारेचीं आंदोलनें सेकंदास ४१.२, तिच्या पुढील तारेचीं ५५, नंतरच्या तारेचीं ७३.४ आणि सर्वांत बारीक तारेचीं ९८ असतात. प्रत्येक तार तिच्या मागील तारेच्या मध्यमांत लावलेली असते. म्हणजे मागील तार षड्ज मानली, तर पुढील तार तिचा शुद्ध मध्यम होय. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यांतील खर्जाचीं आंदोलनें सेकंदास सुमारें ६९ असतात. बारीक तारेपासून मोजूं लागल्यास हाच स्वर बासच्या तिसऱ्या तारेवर चौथ्या पडद्यास मिळतो. आणि त्याच्याही खालीं या वाद्यास आणखी नऊ अर्धस्वर आहेत. आमच्या घरीं तंबोरा असल्यामुळें आम्हीं पहिला स्वरमेळ याच पडद्यावर साधला. नवीन शिकणाऱ्यानेंही आधीं तंबोऱ्याशीं ओळख करून घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

पूर्वीं वाद्यमेळांत हें काम माणसाहूनही उंच अशा, उभ्यानें वाजवावयाच्या पोकळ बास-व्हायोलिनकडे असे. तें आगगाडींतून नेणें म्हणजे एक प्रवासी अधिक नेण्यासारखें होतें. शिवाय इतर वाद्यांचा आवाज वाढला, कीं त्याचा सूर बुडून जाई. १९३० नंतरच्या दशकांत सिएटल येथील पॉल टटमार्क यांनीं आडवी धरावयाची, पडद्यांची विद्युत्-बास गिटार करून पाहिली. परंतु तिचा प्रसार झाला नाहीं. पुढें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर यांनीं भरीव लांकडाची बास गिटार बाजारांत आणली व तिला ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असें नांव दिलें. नांवाचें कारण साधें होतें. सारंगीसारख्या बिनपडद्यांच्या वाद्यांत स्वर कानानें शोधावा लागतो. येथें पडदे असल्यामुळें बोट टेकतांच ठरलेला स्वर निघे. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःस गिटार वाजवितां येत नसे. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतांत, विशेषतः गोमंतकीय वादकांच्या हातून, हें वाद्य रुळलें. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यमेळांत टोनी वाझ यांची बास गिटार असे, हें जाणकारांस ठाऊक आहेच.

फेंडर यांचा जन्म १९०९ चा. त्याच वर्षीं आपल्या अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें राष्ट्रसंत तुकडोजी महाराज जन्मास आले. त्यांच्या हातीं वाद्य काय होतें? तर एक खंजिरी. त्या खंजिरीच्या साथीनें त्यांनीं खेड्यापाड्यांतील अफाट जनसमुदाय भजनांत बांधून ठेविला, हें मोझरीच्या गुरुकुंजाकडे जाणाऱ्या वऱ्हाडी माणसास सांगावयास नको. दुकानांतील चकचकीत वाद्यांपुढें उभें राहिल्यावर आम्हांस या खंजिरीची आठवण होते, आणि खिशांतील हात खिशांतच राहतो.

काय घ्यावें, काय घेऊं नये

हौशी माणसाचा पहिला रोग म्हणजे सामान. वादन सुधारेना, कीं तो वाद्य बदलतो. वाद्य बदलून भागेना, कीं ध्वनिवर्धक बदलतो. या रोगाची एक साथ आमच्याही घरांत येऊन गेली, आणि तिचा हिशेब घरांतील वहींत अजून आहे. त्यावरून आमचें मत असें बनलें आहे, कीं आरंभास दहा ते वीस हजार रुपयांच्या दरम्यान मिळणारें साधें वाद्य पुरतें. घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार दाबून पाहावी. कोठेंही तार खरखरतां कामा नये. दुसरी, मोकळ्या तारेचा स्वर आणि बाराव्या पडद्यावरील स्वर हे एकमेकांचे अचूक षड्ज व तारषड्ज असले पाहिजेत. तिसरी, पट्टा गळ्यांत घालून हात सोडल्यावर वाद्याचा दांडा जमिनीकडे झुकूं नये. नाहीं तर डावा हात वाजविण्याऐवजीं वाद्य सांवरण्यांतच खर्चीं पडतो.

ध्वनिवर्धकाच्या बाबतींत वॉटच्या आंकड्यानें फसूं नये. शंभर वॉटच्या ठिकाणीं दोनशें वॉट घेतल्यानें आवाज दुप्पट होत नाहीं. तो फक्त तीन डेसिबल वाढतो, आणि कानास ती वाढ थोडीच वाटते. आवाज दुप्पट वाटण्यास शक्ति सुमारें दसपट लागते. घरांत वीस-तीस वॉटचा संच पुष्कळ झाला. मांडवांत तर साऊंडवाला एका लहानशा पेटीमधून वाद्याची तार थेट आपल्या यंत्रास जोडून घेतो. त्यामुळें तेथें मोठें धूड वाहून नेण्याचें कारणच उरत नाहीं.

तारांविषयींही असेंच आहे. गुळगुळीत गुंडाळीच्या तारांचा नाद घुमारदार व आटोपशीर असतो. खरखरीत गुंडाळीच्या तारांचा नाद लखलखीत असतो, परंतु बोट सरकतांना त्या कुरकुरतात. अमेरिकेंतील मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांतून वाजविणारे जेम्स जॅमर्सन हे तार तुटल्याखेरीज बदलीत नसत, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानें छेडीत. त्यांचें अनुकरण करून तारा न बदलण्याचा भाग आम्हीं तत्काळ उचलला. बाकीचा भाग अद्याप साधलेला नाहीं.

वऱ्हाडची हवा

परदेशांत छापलेल्या पुस्तकांत आपल्या हवेचा विचार केलेला नसतो. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, आणि त्या कोरड्या उष्ण्यांत लांकूड आटतें. दांड्याचें लांकूड आटलें, कीं धातूच्या पडद्यांचीं टोकें कडेस बाहेर येतात व बोटांस ओरखडे काढतात. उलट, दुपारीं खोलींत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर सुरू केला, कीं तीच खोली दमट होते. आषाढ-श्रावणांत तर दमटपणास पारावारच नसतो. या ओढाताणींत दांडा धनुष्यासारखा वाकतो अथवा मागें जातो, आणि तारांची उंची बदलते. दांड्याच्या पोटांत यासाठींच एक लोखंडी सळई बसविलेली असते. किल्लीनें ती एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये. फिरविल्यावर एक दिवस वाट पाहावी, आणि मगच पुढील पाव फेरा द्यावा. वाद्य कूलरच्या झोतांत, पत्र्याच्या छपराखालीं किंवा उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत ठेवूं नये. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या. घामानें त्या लवकर गंजतात. एवढें केलें तर साधेंसें वाद्यही पुष्कळ वर्षें टिकतें.

घरांतील सराव

एकत्र कुटुंबांत ह्या वाद्याचा सराव करणें हा नाजूक प्रश्न आहे. मंद्र स्वराची लाट फार लांब असते. सर्वांत जाड तारेच्या स्वराची लाट हवेंत सुमारें आठ मीटरांहून अधिक भरते. अशा लाटेस विटांची भिंत अडवीत नाहीं, व दार लावूनही उपयोग होत नाहीं. आमच्या स्वयंपाकघरांतील मांडणीवर एक पितळी डबा आहे. आम्ही माजघरापलीकडील खोलींत एक विशिष्ट स्वर धरला, कीं तो डबा खणखणूं लागे. एके दिवशीं काकू पोळ्या टाकून दाराशीं आल्या व म्हणाल्या, “अरे, तुझा तो एक सूर माझ्या डब्यांत राहतो. त्याला तेवढा बाहेर घे, म्हणजे आमची दुपारची झोंप होईल.” डब्याची नैसर्गिक आंदोलनें आणि आमचा स्वर जुळत होते, हें शास्त्र काकूंना समजावून सांगण्याऐवजीं आम्हीं त्या दिवसापासून कानांवरचा हेडफोन घेतला. हेडफोन नसेल, तर वाद्य विजेस न जोडतां त्याचें टोंक लांकडी कपाटास टेकवून वाजवावें; कपाट तंबोऱ्याच्या भोपळ्याचें काम करतें, आणि वाजविणाऱ्यापुरता आवाज मिळतो.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आवाज लहान असतां मनुष्याच्या कानास मंद्र स्वर इतर स्वरांहून फार कमी ऐकूं येतात, हें फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालींच दाखवून दिलें आहे. म्हणून घरांत हळू वाजवितांना वाद्य निर्जीव वाटतें, आणि नवशिका आवाज वाढवीत जातो. हा दोष वाद्याचा नव्हे, कानाचा आहे.

वाजवावें कसें

हातांची तयारी फार लवकर होते. आवरण्यास वेळ लागतो. या वाद्यांत एक तार छेडणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच बाकीच्या तीन तारा बोटांच्या स्पर्शानें मुक्या ठेवणेंही महत्त्वाचें आहे. नाहीं तर त्या आपोआप घुमतात व सर्व चिखल होतो. आम्ही सरावास विलंबित त्रितालाचा ठेका लावतों आणि प्रथम फक्त समेवर एक स्वर वाजवितों. सोळा मात्रांत एकच स्वर नेमका समेवर टाकणें, आणि तो ठरलेल्या मात्रेवर तोडणें, हें ऐकावयास सोपें वाटेल. महिनाभर करून पाहावें.

साथींत तबला असेल, तर डग्ग्याकडे कान असावा. डग्गा हें आपलें मूळचें मंद्र वाद्य आहे. तबलजी मनगटाचा दाब देऊन त्याच्या स्वरास मींड देतो, तेव्हां बासनें गप्प राहावें. दोन जाड आवाज एकाच जागीं आले, तर दोन्ही नाहींसे होतात.

रागदारीवर आधारलेल्या गीतांत तर फारच जपावें लागतें. पाश्चात्य पद्धतीनें शिकलेल्याच्या बोटांस षड्ज आणि पंचम आळीपाळीनें वाजविण्याची संवय असते. मालकंसांत पंचम वर्ज्य आहे. तेथें ही संवय म्हणजे गवयाच्या पुढ्यांतील दुधांत मिठाचा खडा टाकण्यासारखें आहे. तेथें षड्ज-मध्यमावर राहावें. मारव्यांतही पंचम नाहीं, शिवाय त्या रागाचें सौंदर्यच षड्ज लांबणीवर टाकण्यांत आहे. अशा वेळीं खालून सतत षड्ज ठोकणारा बासवाला गायकाचें सारें काम उधळून टाकतो. आम्हीं हा अपराध एकदां भर बैठकींत केला आहे. गायिका वयानें व मानानें मोठ्या; त्या कांहीं बोलल्या नाहींत, फक्त एकदां मागें वळून पाहिलें. तेव्हांपासून गीत समजलें नसेल तर हात मांडीवर ठेवण्यास आम्ही शिकलों.

मांडवांतील वीज

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला, तिच्याकडे वळतों. आपल्याकडील वाद्यांत वीज नसते. म्हणून गवयाच्या घरांतील वडील माणसांस या धोक्याची कल्पना नसते. बास गिटारीच्या तारा आंतून ध्वनिवर्धकाच्या मार्गानें जमिनीस जोडलेल्या असतात. ही जोडणी म्हणजे अर्थिंग नीट असेल, तर वादक सुरक्षित असतो. ती तुटलेली असेल आणि ध्वनिवर्धकांत विजेची गळती असेल, तर तारांवर वीज उतरते. वादकाचे हात तारांवर व ओंठ मायक्रोफोनवर आले, कीं ती त्याच्या शरीरांतून वाहते. १९७२ सालीं स्कॉटिश वाद्यवृंदांतील लेस्ली हार्वी हा तरुण गिटारवादक स्वान्सी येथें भर कार्यक्रमांत, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनास हात लागून, मरण पावला.

आम्हांस हें पुस्तकांतून ठाऊक होतें, आणि तरीही कांहीं वर्षांपूर्वीं अकोल्यास एका गणेशोत्सवाच्या मांडवांत आम्ही आपलें स्वतःचें जुनें एक्स्टेंशन बोर्ड घेऊन गेलों. त्याच्या आंतील अर्थिंगची तार केव्हांच तुटलेली होती. धृपदाची ओळ म्हणण्यास आम्ही मायक्रोफोनकडे झुकलों, तों ओंठांस मुंग्या चावल्यासारखें झालें. घाम असेल असें समजून आम्ही पुन्हां झुकणार, इतक्यांत मांडवाच्या मागून एक मध्यमवयीन गृहस्थ धांवत आले.

“माइकले तोंड लावू नका, भाऊ! आधी तो बोर्ड काढा,” असें ओरडून त्यांनीं बोर्ड भिंतीकडून ओढून काढलें. मग खिशांतला टेस्टर काढून, दुसऱ्या बोर्डावरून जोडणी करून दाखविली व म्हणाले, “काहून हो, निघाच्या आधी अर्थिंग पाह्यलं नाही काय?”

तेव्हांपासून आमचे नियम ठरलेले आहेत. प्लगाची तिसरी जाड पिन कधीं कापूं नये. आपलें यंत्र आणि साऊंडवाल्याचें यंत्र एकाच बोर्डावरून घ्यावें. कारण दोन निरनिराळ्या फेजमध्यें चारशें व्होल्टपर्यंतचा दाब असूं शकतो. घरांतील व मांडवांतील वाटेवर तीस मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा. वाजविण्यापूर्वीं टेस्टर तारांस लावून पाहावा; तो पेटला तर त्या दिवशीं वादन नाहीं, आणि तो पेटला नाहीं म्हणजे सर्व ठीकच आहे असेंही समजूं नये. बोर्डाच्या तारा दरवर्षीं गणपतीपूर्वीं जाणत्या वायरमनकडून तपासून घ्याव्या. मुलास वाद्य घेऊन देणाऱ्या प्रत्येक पालकानें हे पैसे वाद्याच्या किमतींतच धरावे.

विजेइतकाच, परंतु हळू मारणारा दुसरा शत्रु म्हणजे आवाज. पंचाऐंशीं डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, आणि पुढें प्रत्येक तीन डेसिबलांस तो वेळ निम्मा करावा, असा अमेरिकेंतील व्यवसाय-आरोग्य संस्थेचा दंडक आहे. या हिशेबानें शंभर डेसिबलांस अवघीं पंधरा मिनिटें उरतात. आणि मांडवांतील कार्यक्रम तीन तास चालतो. आमच्या डाव्या कानांत, ज्या बाजूस नेहमीं झांजांचा स्टँड असे, एक बारीक शिट्टी राहून गेली आहे. रात्रीं घर निजल्यावर ती स्पष्ट ऐकूं येते. कानाच्या आंतील ज्या सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या, त्या पुन्हां उगवत नाहींत. कानांत घालावयाचीं बोळ्यांसारखीं साधनें थोड्या पैशांत मिळतात. आम्हीं तीं घेतलीं, पण उशिरां. घरांतल्या मुलांस तीं पहिल्याच दिवशीं द्यावीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपकास बंदी आहे, व उत्सवाच्या मोजक्या दिवशींच सरकारास मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते. वादक मंडळी या नियमाविषयीं कुरकुरतात. आमच्या कानांतील शिट्टी मात्र त्याच्या बाजूनें साक्ष देईल.

बिदागीचा प्रश्न

त्या अकोल्याच्या मांडवांतील हकीकत अजून पुरी झालेली नाहीं. कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही त्या गृहस्थांस चहास घेऊन गेलों. बोलतां बोलतां कळलें, कीं ते स्वतः बास वाजवितात, आणि गेलीं अनेक वर्षें त्याच मांडवाची सुपारी त्यांच्याकडे असे. लग्नसराई आणि गणपती-नवरात्र या दिवसांत वाजवून त्यांचें घर चालतें. अलीकडे कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि आधींच भरून आणलेले ट्रॅक यांनीं बासवाल्याचें काम पुष्कळ कमी केलें आहे. उरलीसुरलीं कामें अशीं एकेक जातात. यंदा मंडळानें त्यांना बोलाविलें नव्हतें. कारण अमरावतीचे एक हौशी गृहस्थ फुकट येण्यास तयार झाले होते. ते गृहस्थ म्हणजे आम्ही.

त्यांनीं हें रागानें सांगितलें नाहीं. कपबशी खालीं ठेवतांना एवढेंच म्हणाले, “तुमी हौसेनं वाजवता, चांगलं हाय. पन तुमी फुकट वाजवलं, मंग आमाले कोन बलावते?”

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. बिदागी न घेणें यांत आम्हांस तोंवर एक प्रकारची प्रतिष्ठा वाटत असे. कलेचा विक्रय करूं नये, ही शिकवण आमच्यासारख्या घरांत लहानपणापासून मिळते, आणि ती वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्याच्या घरांत महिन्याच्या एक तारखेस पगार येतो, त्याची निःस्पृहता ही दुसऱ्याच्या ताटांतून वाढलेली असूं शकते, हा विचार आमच्या मनास कधीं शिवला नव्हता. ज्याच्या भाकरीवर आम्ही नकळत बसलों होतों, त्यानेंच त्या रात्रीं आमचा जीव वांचविला होता.

त्यानंतर आम्हीं आपल्यापुरते कांहीं निर्बंध घालून घेतले. कोणी बोलावलें, कीं आधीं विचारावयाचें, गेल्या वर्षीं येथें कोण वाजवीत होतें; आणि तो वादक उपलब्ध असेल, तर त्याचेंच नांव सुचवावयाचें. जेथें जावें लागेल, तेथें बाजारांत चालू असलेलीच बिदागी पुरी घ्यावयाची. ती पुढें दान करणें न करणें हा घरचा प्रश्न आहे. कार्यक्रम धर्मादाय असेल, आणि गायकापासून मांडववाल्यापर्यंत सर्वच विनामूल्य काम करीत असतील, तरच आपणही विनामूल्य वाजवावयाचें. घरगुती बैठका, कोजागरी, आणि मित्रांकडील मुंजीलग्नें यांत वाजविण्यास आम्हांस आजही कोणाची आडकाठी वाटत नाहीं. हौसेची खरी जागा तीच आहे. आमच्यापैकीं कांहीं मित्रांस हे नियम जाचक वाटतात. ते म्हणतात, मंडळांजवळ पैसे असतात कोठें? असतील अथवा नसतील. मांडवाच्या दिव्यांचे व पडद्यांचे पैसे मात्र कोणी हौशी म्हणून माफ केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

पुढील वर्षीं त्याच मांडवांतून आम्हांस पुन्हां बोलावणें आलें. आम्हीं नांव सुचविलें, आणि मंडळानें तें मान्य केलें. त्या रात्रीं आम्ही अमरावतीहून शंभर किलोमीटरांचा रस्ता धरून केवळ ऐकावयास गेलों, व तिसऱ्या रांगेंत बसलों. आदल्या वर्षीं जें गीत आम्हीं वाजविलें होतें, तेंच त्यांनींही वाजविलें. जेथें आम्हीं आठ स्वर घातले होते, तेथें त्यांनीं तीन घातले. उरलेल्या जागेंत डग्गा स्वच्छ ऐकूं येत होता. शेजारच्या खुर्चीवरील आजीबाई गायिकेची तारीफ करीत होत्या, आणि बासवाल्याकडे त्यांचें लक्षही गेलें नव्हतें. आम्ही घरीं परतल्यावर वहीं काढून त्या तीन स्वरांच्या मात्रा लिहून ठेविल्या. सध्यां सराव त्यांचाच चालू आहे. पितळी डबा अजून मांडणीवरच आहे, आणि त्याबद्दल काकूंची तक्रार मात्र उरलेली नाहीं.